बाहेरचा नाद

लग्न ठरवताना मध्यस्थानं बाबांना सांगितलं होतं, मुलगा मेटलमध्ये आहे. बाबा स्वतः पिंपरीतल्या कंपनीत हयात घालवून रिटायर झालेले, त्यांनी लगेच विचारलं, शीट मेटल का? मुलगा हो म्हणाला. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे काढायचा, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं. दुसरं मेटल, म्हणजे ते कानठळ्या बसवणारं विलायती गिटारचं संगीत, मला लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी कळलं. काळे टी-शर्ट घातलेले दोन पुरुष आमच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये आले, दाराशी चपला नीट जोडीनं लावल्या आणि नवऱ्यानं भर उन्हाळ्यात खिडक्या बंद करून घेतल्या. दोघांच्या छातीवर कवट्या होत्या. त्यातली एक कवटी मला म्हणाली, वहिनी, थोडं पाणी मिळेल का.

तेव्हापासून रविवार सकाळ त्यांची. एक जण आयटीतला, हिंजवडीला जातो. त्याच्याकडे इतके महागडे हेडफोन आहेत की तो ते पावसाळ्यात घराबाहेर काढत नाही. दुसरा कुरुळीचा, तिथल्याच जुन्या घरातला. वडिलांची जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या जागेवर कामगारांसाठी खोल्या बांधल्या, आणि भाड्याच्या जोरावर त्यानं एक काळी, टोकेरी गिटार घेतली. ती भिंतीवर टांगलेली आहे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते, वाजवायला मात्र कुणी हात लावत नाही. हे दोघे आणि आमचे हे असे तिघं मिळून ठरवायचे की जगात गिटार कुणाला येते आणि कुणाला येत नाही.

त्यांचे नियम कडक. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधलं गाणं गाळायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल उलटा ठेवायचा. आवाज फुल्ल. हळू ऐकणारा माणूस खोटा, हे त्यांचं तत्त्व. गाणारा माणूस घशात खरकटं अडकल्यासारखा ओरडत असे आणि शब्द एकाही कवटीला कळत नसत, पण त्यांच्या अर्थावरून पोहे गार होईपर्यंत वाद चाले. कुकर लावायची मला बंदी होती. एकदा ऐन सोलोत शिट्टी झाली तर नवरा तोंड पाडून दिवसभर बसला होता. सोलो म्हणजे बाकीचे मागे सरकतात आणि गिटारवाला एकटाच पुढं येऊन बोटं पळवतो तो भाग. बोटं जास्त पळवणारा मोठा की एकच सूर धरून रडवणारा मोठा, हे त्यांचं भांडण माझी मुलगी जन्मली तेव्हाही चालू होतं आणि आज ती सातवीत आहे तरी मिटलेलं नाही.

मला कुणी कधी विचारलं नाही. संत तुकाराम नगरात आमच्या घरी बाबा जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. ढोलकी चढली की उतरली, कोरसमध्ये कोण बेसूर आहे, हे मला परकर नेसायच्या वयात कळायचं. त्यामुळे भिंतीपलीकडे पोहे परतता परतता मला त्यांचे सगळे अल्बम पाठ झाले. काही फार चांगले होते, हे मी आजवर त्यांच्यापुढं कबूल केलेलं नाही. गिटारवाल्यांमध्ये दोघं-तिघं खरे वाजवणारे होते आणि बाकीचे नुसते घाईत होते. पण वहिनीनं पोहे आणायचे, मत नाही.

या तिघांत माझ्या नवऱ्याच्या कानांना मान होता. तो मान डोलवेल तो अल्बम चांगला. आयटीवाला इंटरनेटवर लांबलचक लेख लिहायचा, त्यातलं अर्धं शहाणपण माझ्या नवऱ्याच्या तोंडचं असायचं. तर दोन-तीन वर्षांपूर्वी नवरा म्हणायला लागला की हल्लीच्या अल्बमांत दम नाही. ड्रम येतो, बास येतो, पण वरचं काहीच नाही, झांजा दबलेल्या. ते तिघं त्यांना सिंबल म्हणतात, माझ्या लेखी त्या झांजाच. कुरुळीवाला लगेच म्हणाला, व्हय, दबल्यात खऱ्या. आयटीवाल्यानं आपले सोवळ्यातले हेडफोन लावून खात्री केली आणि त्यालाही त्या दबलेल्या सापडल्या. मग त्यावर सिद्धान्त निघाला. गाणी विकणाऱ्या कंपन्या मुद्दाम वरचे सूर कापतात, लोकांच्या कानांची वाट लावायचा हा डाव आहे, वगैरे. लेखाला पुष्कळ अंगठे मिळाले. मी आत कांदा चिरत होते आणि मला झांजा कापरासारख्या स्वच्छ ऐकू येत होत्या.

मग एका रविवारी नवऱ्यानं त्याचा सगळ्यात लाडका अल्बम लावला, लग्नाच्या आधीपासून जपलेला. तिसऱ्या गाण्याच्या सोलोला तो दरवेळी डोळे मिटायचा. त्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, यातल्यापण काढल्या. आयटीवाल्यानं लगेच निकाल दिला की मोबाइलवरची फाइल कंपनीनं गुपचूप बदलली असणार. म्हणून कपाटातून जुनी सीडी काढली. तीही तशीच. तेव्हा कुरुळीवाला म्हणाला, सीडीचं पाणी उतरलं आसंल. आणि तिघांनीही माना डोलावल्या. मला हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते थांबलं, कारण मी विसरून लावलेल्या कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि नवरा काहीच बोलला नव्हता.

ते दोघे गेल्यावर मी त्याच्या पाठीमागं उभी राहून हाक मारली. साधी, रोजच्या आवाजात. तो वर्तमानपत्र वाचत राहिला. दुसऱ्यांदा मारली. त्यानं पंख्याकडं बघितलं, पान उलटलं. मी समोर जाऊन ओठ हलवले, आवाज न करता, म्हटलं चहा टाकू का, तर म्हणाला, टाक की. प्रेस शॉपमध्ये सगळे असंच बोलतात. तिथं आवाजानं काही कळत नाही, ओठ आणि हात बघून कळतं. तो घरीही कधीपासून तसाच ऐकत होता आणि मी समजत होते की बायकोकडं लक्ष नाही. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी होते. काचेच्या खोपट्यात बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण, शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मागच्या वर्षांत हा पठ्ठ्या काचेतून तपासणाऱ्याचा हात बघायचा आणि हात हलला की बटण दाबायचा. यंदा तपासणारी मुलगी पाठ करून बसली. निकाल लागला तो लागलाच. पुढं कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, काही छंद वगैरे? शहाण्या माणसानं बागकाम म्हटलं असतं. आमच्या ह्यांनी मेटल ऐकतो म्हटलं, आणि हळू ऐकता की मोठ्यानं, असं विचारल्यावर खोटा ठरण्यापेक्षा बरं म्हणून छाती काढून सांगितलं, फुल्ल.

दोन दिवसांनी ऑफिसातून मला फोन. साहेब कागदात बघून बोलले की यांना काही कळत नाही, तर घरच्यांनी यावं. कशाबद्दल, म्हटलं. पलीकडचा माणूस जरा चाचरला आणि म्हणाला, मॅडम, कानाचं आमच्या शॉपमुळं नाही, त्यांना बाहेरचा नाद आहे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला फोनवर हे वाक्य ऐकवतात म्हणजे काय होतं, ते बायकांना सांगायला नको. माझ्या जिवात जीव येईपर्यंत त्यानं पुढं दोनदा मॅडम, मॅडम केलं. त्याचा अर्थ एवढाच होता की कान घरच्या नादानं गेले असं ठरलं तर माणूस कामाला नालायक ठरून घरी जाणार. शॉपमुळं गेले असं ठरलं तर कमी आवाजाच्या जागी बदली. आमचं घराचं कर्ज अजून फिटायचं होतं आणि ऐकू न येणाऱ्या चाळिशीच्या माणसाला दुसरीकडं कोण घेणार.

शनिवारी तिघांची तातडीची बैठक बसली. कुरुळीवाला सरळ माणूस. म्हणाला, "वैनी, भजन ऐकत्यात म्हना. कोन बगाया येतंय?" आयटीवाल्याला ते पटेना. मेटल नाकारणं म्हणजे तत्त्वाशी गद्दारी, आज भजन म्हटलं तर उद्या आपल्यात आणि डीजेवर नाचणाऱ्यांत फरक काय, असं त्यानं बराच वेळ समजावलं. त्याची नोकरी पणाला लागलेली नव्हती. मी पोह्यांची ताटली त्याच्या पुढून उचलली आणि आत नेली. नवरा दोघांच्या ओठांकडं आळीपाळीनं बघत होता.

ऑफिसात एक तरुण साहेब होते आणि बाजूला कंपनीचे वयस्कर डॉक्टर. साहेबांचं मराठी गोड होतं. त्यांनी विचारलं की हे घरी गाणी मोठ्यानं ऐकतात, हे खरं का. शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात का. नवरा माझ्या ओठांकडं बघत होता. भजनाचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण ज्या गोष्टीवरून मी इतकी वर्षं भांडले, तीच या साहेबाच्या समाधानासाठी लपवायची, याची मला चीड आली. नवऱ्याला शिव्या द्यायचा अधिकार माझा होता, त्यांचा नव्हता.

म्हटलं, "ऐकतात. रविवारी, दोन तास, आणि मी आतून ओरडले की बारीक करतात. तुमचा प्रेस कुणी ओरडल्यावर बारीक होतो का, साहेब?"

साहेबांनी कानाला लावायच्या मफचा विषय काढला, कंपनी देते, हेच काढून ठेवतात. मी म्हटलं, मफ लावला की पत्रा दाबायचा साचा, तुमची ती डाय, तडकल्याचा आवाज येत नाही आणि माल खराब निघाला की बोलणी कोण खातं? फॅमिली डेला तुम्हीच आम्हाला शॉप दाखवलंत, जमीन चपलेतून हलत होती, माझे कान संध्याकाळपर्यंत वाजत होते. मी तिथं एकदा आले, हे रोज जातात. साहेबांनी पाणी मागवलं.

बदली झाली. स्टोअरला, बोल्टांच्या खोक्यांमध्ये. कारण कुणीच लिहिलं नाही, आम्ही केवळ माणुसकी म्हणून करतोय, असं मात्र दोनदा बजावलं. मशीन देऊ, असं डॉक्टर म्हणाले. कानातलं मशीन आलं, त्यानं बोलणं बरं कळतं, पण गाणं त्यातून पत्र्यासारखं येतं म्हणून रविवारी तो ते काढून ठेवतो.

रविवार बंद झाले नाहीत. त्या दोघांना कानांचं कळलं, वाईटही वाटलं, पण झांजांचा सिद्धान्त त्यांनी मागं घेतला नाही. लेखाला अंगठे फार होते. गेल्या महिन्यात एक नवा अल्बम आला, ज्याची ते वर्षभर वाट बघत होते. संपल्यावर आयटीवाल्यानं सवयीनं माझ्या नवऱ्याकडं बघितलं, कसा वाटला? नवऱ्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मी हातात झारा घेऊन उभी होते. मी नुसते ओठ हलवले: पहिली तीन चांगली, मग उगीच ताणलंय, गिटारवाला घाईत आहे. नवरा सावकाश म्हणाला, "पहिली तीन चांगली. मग उगीच ताणलंय. गिटारवाला घाईत आहे." कुरुळीवाला म्हणाला, व्हय, हाय घाईत. आयटीवाल्यानं मांडीवर थाप मारली, कान गेले तरी कान आहेत राव, म्हणाला आणि तिथंच मोबाइलवर लिहायला घेतलं. मी आत येऊन कुकर लावला.

ते गेल्यावर नवरा ओट्यापाशी येऊन उभा राहिला. जुन्या अल्बमच्या सीडीची डबी हातात होती. म्हणाला, "ते तिसरं गाणं. तू ऐकतेस ना आतून?" मी मान हलवली. मग त्यानं विचारलं की त्यात आता काय काय येतं. मी हात पुसले, त्याच्याकडं तोंड केलं आणि त्याला वाचता यावं म्हणून सावकाश म्हटलं, "सगळं येतं. झांजा आहेत जागच्या जागी. कुणी काढल्या नाहीत."