फाटक्या आवाजाची परीक्षा

दादाच्या गिटारचं मशीन घरात आलं त्या दिवसापासून मी चिडलेली होते. आणि मला आणखी चिडवायला रोज कुणी ना कुणी घरी यायचंच.

बदनापूरला आमची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नात, गावोगावच्या विहारांपुढे आम्ही गायचो. गाणी मी लिहायची आणि म्हणायचीही मीच. ढोलकी मामांची, हार्मोनियम दादाचं. मधली दोन-तीन वर्षं दादा औरंगाबादला एका ऑर्केस्ट्रात होता. तिथून तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन परतला आणि म्हणाला की आता हार्मोनियम बास झालं. मग जालन्याच्या एका रेडिओ मिस्त्रीला गाठून त्यानं गिटारचा आवाज मोठा करणारं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, बांधून घेतलं. एका बंद पडलेल्या टॉकीजच्या सामानातले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह, दोन्ही हातांनीही उचलत नाही असा ट्रान्सफॉर्मर, आणि लाकडी खोक्यात बसवलेला स्पीकर. चालू केलं की व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसून वाट बघायची.

या मशीनला आवाजाच्या बटणाशेजारी आणखी एक बटण होतं. दादा त्याला गेन म्हणायचा. आवाजाचं बटण फिरवलं की आवाज मोठा व्हायचा. गेन फिरवला की आवाज फाटायचा. कोरं मांजरपाट ताणून फाडल्यावर होतो तसा आवाज, पण सुरात. आणि दादाला तो फाटलेलाच हवा होता.

माझं सगळं उलट. आमचे वडील शाळेत शिक्षक. कुठल्याही सभेहून येताना ते पिशवीत पुस्तिका घेऊन यायचे. पातळ कागद, बारीक टाइप, एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला उतरलेली. त्या पुस्तिकांनी आमची पत्र्याची पेटी भरली होती आणि मी वाचायला शिकले ती त्या पेटीवर बसूनच. त्यातला मजकूर एकानं मोठ्यानं वाचायचा आणि वाचता न येणाऱ्या दहा जणांनी ऐकायचा, यासाठीच लिहिलेला असे. ऐकणाऱ्याला कळला नाही तर छापायचाच कशाला? माझी गाणीही मी त्याच हिशेबानं लिहायची. त्या वर्षीचं गाणं कापूस वेचणाऱ्या बायांचं होतं. *आम्ही वेचला कापूस, काटा तुमचाच कसा?* अशी सुरुवात, आणि पुढे एकेका कडव्यात वजनातली लबाडी, पुरुषांपेक्षा कमी मजुरी, रानात पाणी नसणं, रेशन, दारू, पोरींची सुटलेली शाळा. एकही मुद्दा मी सोडला नव्हता.

म्हणून मी अट घातली. धावड्याला कार्यक्रम ठरलेला होता. तिथं सगळ्यात मागं बसलेल्या बायांनी माझे शब्द परत म्हणून दाखवले तर गिटार पार्टीत राहील, नाही तर हार्मोनियम बाहेर काढायचं. दादा लगेच हो म्हणाला. तो इतक्या लगेच कबूल झाला याचाही मला राग आला.

मग रोज संध्याकाळी दादा कामावरून आला की मशीनची परीक्षा. मामा भिंतीवरच्या मांडणीकडे बघत बसायचे. ताटल्या थरथरल्या की मशीन पास. मिस्त्री एका रविवारी आला, गिटार न वाजवताच खोक्याला कान लावला आणि म्हणाला, बिलकुल साफ आहे. वाजवल्यावर शब्द बुडतात असं मी सांगितलं, तर शब्द आपल्या कामात येत नाहीत असं त्यानं तोंडावर सांगितलं. दारात गल्लीतली पोरं जमायची आणि प्रत्येक वेळी एक नंबर, एक नंबर करायची. मी त्यातल्या एकाला विचारलं की गाणं कशावर होतं.

"गाणं व्हतं का?" तो म्हणाला.

दादाची परीक्षा तर मला बघवत नसे. एक तार छेडायची, मान तिरकी करून ती विझेपर्यंत ऐकायचं, बटण केसभर फिरवायचं, पुन्हा तीच तार. टोन आला, म्हणायचा. टोन गेला, म्हणायचा. टोन म्हणजे काय ते एकदा माणसासारखं सांग, असं मी म्हटलं की उत्तर म्हणून पुन्हा ती तार.

माझी परीक्षक आत्या. तिनं उभं आयुष्य कापूस वेचला होता, म्हणून मी तिला बाहेर ओट्यावर बसवायची, आत गायची आणि मग जाऊन विचारायची.

"आम्ही वेचला कापूस," आत्या सांगायची, "मंग काटा. मंग शेवटाला पोरीची शाळा."

"आणि मधलं?"

"मधी तुझा भाऊ व्हता."

असं करता करता दादाला एक जागा सापडली. आवाज फाटायचा, पण गोलाई धरून. आणि त्यातून माझे निम्म्याहून जास्त शब्द बाहेर यायला लागले. त्यानं बटणांवर खडूच्या खुणा केल्या. अंगावर काटा येतो, आत्या म्हणाली. मी म्हटलं, काट्याचं राहू दे, शब्द सांग.

धावड्याला आम्ही जीपनं गेलो. व्हॉल्व्ह काढून मोज्यांमध्ये घातले होते आणि मशीन गोधडीत गुंडाळून मामांच्या मांडीवर. तिथल्या मंडळींनी खास जनरेटर आणला होता. मंडपातले दिवे असे लखलखीत होते की आम्ही सगळे खूश. दादानं बटणं खुणेवर आणली आणि पहिला हात मारला.

पत्र्यावर पत्रा घासावा तसा आवाज निघाला. पाठोपाठ एक लांब शिट्टी. पुढच्या पोरांनी कान झाकले. दादानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून त्यानं गेनचं बटण पार मागं फिरवलं. उरला तो स्वच्छ, बारीक, बुलबुलतरंगासारखा आवाज. तसाच तो शेवटपर्यंत वाजवत राहिला आणि मी सगळी कडवी म्हटली.

कार्यक्रम संपल्यावर मी तडक मागच्या रांगेत गेले. बायांनी काटा सांगितला, पाणी सांगितलं, रेशनही सांगितलं. एकीनं तर दारूचं कडवं अख्खं म्हणून दाखवलं. अट पुरी झाली होती. मी जीपमध्ये बसताना तसं जाहीर केलं. आत्या त्याच बायांमध्ये बसलेली होती. तिला म्हटलं, सांग यांना.

"आले ना. सगळे शब्द आले," आत्या म्हणाली. "घरी निम्मे येत व्हते, पण अंगावर येत व्हते. आज तू गाऊन राह्यलीस का वाचून राह्यलीस, तेच कळंना मला."

भोकरदन येईपर्यंत मी सगळी कडवी मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दादानं भर दुपारी मशीन लावलं. तोच पत्रा, तीच शिट्टी. संध्याकाळी गावभर पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, घरातला बल्ब पिवळा पडला, आणि त्याच खुणांवर तो जुना गोल, फाटका आवाज परत आला. दादा बल्बकडे बघत हसत सुटला. मला हसू आलं नाही. इतके दिवस आम्ही मशीनची परीक्षा करत नव्हतो, उतरलेल्या विजेची करत होतो. मामांनी विचारलं की मग आता गावोगाव वीज कमी सोडायला सांगायचं का.

दादानं मग गिटार पिशवीत घातली. मी म्हटलं, अट पुरी झाली आहे, गिटार राहील, मी शब्द फिरवत नाही.

"गिटारचं राहू दे," दादा म्हणाला. "तसलं मिळमिळीत मी न्हाई वाजवणार. हार्मोनियम काढ, अन् वाजवणारा दुसरा बघ."

याला काय म्हणावं? मी जिंकले होते आणि तरी पार्टीतून दादाच चालला होता. मी भांडले. शिस्त काढली, चळवळ काढली, वडिलांना मध्ये घातलं. वडील म्हणाले, तुम्हीच बघा. मग मी मुकाट्यानं त्याला विचारलं की तुला नेमकं काय पाहिजे.

"तू दम घेशील तिथं मला वाजवायचंय," तो म्हणाला. "पण तू दमच घेत न्हाईस. एक मुद्दा सरला की दुसरा. मी घुसू कुठून? मंग शब्दांवरच चढतो."

मिस्त्रीनं कुरकुरत मशीनच्या वायरीत मध्ये एक मोठा बल्ब जोडून दिला, म्हणजे जनरेटरवरही मशीनला वीज कमीच पोचेल. दादा जोरात वाजवायचा तेव्हा तो बल्ब पेटायचा. गल्लीतल्या पोरांना आणखी एक चाळा मिळाला. मशीनचं काम एवढ्यावर उरकलं. माझं काम त्याहून वाईट होतं. पुढचा कार्यक्रम घनसावंगीला होता, आणि मला गाण्यात जागा करायची होती.

रेशनचं कडवं काढलं. दारूचंही काढलं, धावड्याच्या बाईला पाठ झालेलं. रानातल्या पाण्याच्या चार ओळींच्या दोन केल्या. प्रत्येक कडव्यानंतर दोन आवर्तनं मोकळी सोडली. तिथं दादानं गेन पूर्ण चढवायचा, आणि मी तोंड उघडलं की गिटारवरचंच आवाजाचं बटण उतरवायचं. त्या मोकळ्या जागेत हात बांधून उभं राहायला मला फार जड गेलं. तिथं सांगता आलं असतं असं माझ्याकडे पुष्कळ होतं. दादा मात्र असा वाजवायचा की त्यानंतर येणारी ओळ मला आपोआप वरच्या सुरात उचलावी लागायची. आत्या ओट्यावरून सगळं बरोबर सांगायला लागली, आणि अंगावर येतंय का हे मी न विचारताही सांगायची.

शेवटच्या तालमीला दादा म्हणाला की पोरीच्या शाळेचं कडवंही काढ, तिथं लांब वाजवता येईल, लोक उठून उभे राहतील.

"न्हाई," मी म्हणाले. "ते न्हाई काढणार."

"मंग त्याच्या मागं मी काय वाजवू? तिथं माझं काहीच बसत न्हाई."

"नको वाजवू काहीच."

त्यानं तार छेडली नाही की मानही तिरकी केली नाही. सरळ गिटारवरचं बटण शून्यावर आणलं.

"आणि मी?" मामांनी विचारलं. "मी वाजवायचं का मीबी बसून राहू?"

तुम्ही हळू वाजवा, मी म्हटलं, आणि कडवं पहिल्यापासून घेतलं.