बिनस्टँडची सायकल

प्रत्येक सुटा भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून मी वर्षभरात एका गियरची, कार्बनची डोंगरी सायकल जुळवली. शेवटचा बोल्ट अडला, तेव्हा मुरबाडच्या एका सायकलवाल्याकडे गेलो. बोल्ट जास्त आवळून फ्रेम तडकली तर वर्ष वाया, म्हणून त्याला बरंच समजावलं. तो फडक्याने बोटं पुसत ऐकत राहिला. मग कान जवळ नेऊन त्याने दोन बोटांनी पाना फिरवला आणि बोल्ट बसला.

“चला साहेब, चहा घेऊ. लावा स्टँडला.”

“हिला स्टँड नाही. वजन वाढतं.”

“मंग भिंतीला टेका.”

“ओरखडे पडतात. मी धरूनच उभा राहतो.”

“म्हंजे स्टँड तुमीच,” म्हणत तो चहाला गेला.

मी उन्हात उभा राहिलो. या स्टँडचं वजन ब्याऐंशी किलो आहे.