सीताफळाची राहिलेली ओळ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे सीताफळाच्या बुंध्यांना पट्ट्या बांधणं. कौसल्या, म्हणजे माझी बायको, प्लास्टिकच्या पट्टीचं टोक बुंध्यावर अंगठ्यानं दाबून धरायची. मी पट्टी गुंडाळून गाठ मारायचो आणि वरून ग्रीस फासायचो. एकट्याचं काम नाही ते. बांधाकडची एक ओळ राहिली तेव्हा ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सकाळी करू." घरी येऊन चहा केला, प्यालो, जेवलो, झोपलो. पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं. टेंभुर्णीच्या दवाखान्यात पोचेस्तोवर संपलं होतं. त्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही...

भेटायला येणारे म्हणायचे, लई शांत बाई होती. कसली शांत! माझ्याशी रोज भांडायची. ती केम गावची, मी इथला, तर माझ्या गावाला पाणी कमी आणि अक्कल त्याहून कमी, असं तिचं म्हणणं. बागेवर पांढरा पिठ्या ढेकूण पडायचा. आमच्याकडं त्याला मिलीबग म्हणतात. कापूस चिकटवल्यासारखं फळ दिसायचं, मग काळं पडायचं, व्यापारी हात लावायचा नाही. मी औषध मारायचो आणि तिला दोन-दोन दिवस खोकला लागायचा. एकदा ती शेतकऱ्यांच्या बैठकीला गेली आणि येताना डबीत भुंगे घेऊन आली. बारके, काळे, तोंडाकडं तांबूस. हे म्हणे मिलीबग खातात.

मी म्हणालो, "आता किडं पाळणार व्हय? वैरण कोण घालणार त्यास्नी?"

"तुमाला घालतेच की इतकी वर्षं," ती म्हणाली.

भुंगे सोडले. काही दिवसांनी बघतो तर फळांवर आणखी मोठे, आणखी लोकरीचे पांढरे किडे. भुंगे हरले असं तिला वाटलं. जुनं फडकं घेऊन सकाळपासून एकेक फळ पुसत, किडे चिरडत, मला शिव्या घालत चालली. मग त्यातला एक तिच्या बोटावर चढला आणि तुरुतुरु पळाला. मिलीबग असा पळत नाही, तो चिकटून बसतो. तिनं त्याला परत फळावर ठेवला, तर त्यानं शेजारचा मिलीबग धरून खायला सुरुवात केली. ती भुंग्यांची पिल्लं होती. जे खातात तसलीच लोकर अंगावर घेऊन फिरतात. तिनं हातातलं फडकं खाली टाकलं. "आवं, आपलीच लेकरं चिरडली की वो मी..." त्या दुपारी जेवली नाही. त्यानंतर पांढरं काही दिसलं की आधी बोट टेकवायची आणि थांबायची. माणसांच्या बाबतीतही तसंच, पहिल्या भेटीत कुणाबद्दल वाईट बोलायची नाही. मला मात्र ही सवलत नव्हती.

पट्ट्या मुंगळ्यांसाठी. मिलीबगच्या अंगातून गोड चिकटा सुटतो, त्यासाठी मुंगळे त्याची राखण करतात आणि भुंग्यांना हुसकतात. ग्रीस असलं की मुंगळा बुंध्यावरून वर चढत नाही.

तेरावा झाला, पुढंही काही दिवस गेले. मी बागेत गेलोच नाही. माल तोडायला येत होता, म्हणून मुलगा दत्ता चक्कर मारून आला. बांधाकडूनच आत शिरला.

"आबा, झाडं पांढरीफेक हायत. उद्या सकाळी फवारणीचा ब्लोअर सांगितलाय, औषध मारून टाकू."

"ती ओळ राहिलीय. पट्टी न्हाय तिला. आतली बघ."

"आत बी पांढरंच हाय की."

"त्ये तुज्या आईचे किडे आसतील. औषध मारलं की आधी त्येच मरतील."

"आबा, आई गेली," तो म्हणाला. वाईटपणानं नाही म्हणाला. वर्षाचा माल झाडावर होता, त्याचंही खरंच होतं... मीही आत जाऊन बघितलेलं नव्हतं. तिचेच किडे असतील, असं कशावरून म्हणणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आतल्या ओळीत गेलो. एका फळावर पांढऱ्याजवळ बोट टेकवलं आणि थांबलो. जरा वेळानं ते हललं आणि माझ्या नखावर चढलं. पुढच्या झाडावर तेच, त्याच्या पुढच्यावर तेच. दत्ता आला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट फळावर टेकवलं. ते पांढरं त्याच्या बोटावर चढलं आणि तुरुतुरु पळालं. मग फोन काढून बांधाकडं चालत गेला. "आज नगं आणू ब्लोअर," एवढं मला ऐकू आलं. तिथनं तसाच गाडीला किक मारून कामावर गेला.

मी ग्रीसचा डबा घेतला आणि राहिलेल्या ओळीला लागलो. पट्टीचं टोक धरायला कुणी नव्हतं. गुडघ्यानं दाबलं. सुटलं. परत दाबलं. गाठ वाकडी बसली, पण बसली. वरून ग्रीस फासलं आणि पुढच्या झाडाकडं सरकलो.