पोलिसांच्या दफ्तरी माझं लग्न

माझं पहिलं लग्न लालबागला आमच्या चाळीतल्या नळावर झालं आणि ते मीच लावलं. नवरा कोण होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी कॉलेजात होते आणि विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या एका योजनेत माझी निवड झाली होती. इथली मुलगी वर्षभर अमेरिकेत, तिथली इथे. आईला मात्र यात भलतंच कुतूहल.

"अदलाबदल म्हंजे? तुज्या बदल्यात आमका गोरा चेडू गावतला? ता मासे खाता काय?"

गिरणीतून आल्यावर बाबा रोज माझा व्हिसाचा अर्ज वाचत. त्यात विचारलं होतं, 'अंगावर काही खूण आहे का?' बाबांनी माझ्या हनुवटीवरचा तीळ पट्टीने मोजला! मलाही एकच ध्यास: समुद्रापलीकडे आहे तरी काय? तिथले लोक नळावर भांडतात का?

आता माझं पाप सांगते. त्याच दिवसांत एकदा मी घरी न सांगता मोर्च्यात गेले होते. एवढ्या घोषणा दिल्या की घसा बसला. (घरी सांगितलं, बर्फाचा गोळा खाल्ला!) त्यामुळे आठवड्याभराने एका सकाळी मी कळशी भरत असताना निळ्या गणवेशातला, पिवळ्या टोपीतला हवालदार समोर उभा राहिला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हा मात्र खरा!

"सुशीला कोण इथं?" त्याने विचारलं.

"सुशीला?" मी म्हटलं. "तिचं लग्न झालं की! सासरी गेली."

"कुठं?"

"मालवणला."

हवालदाराला शंका आली. त्याने शेजारच्या तानूमावशींकडे पाहिलं. मावशींनी क्षणात सगळं ओळखलं आणि धावून आल्या.

"व्हय तर! माज्याच हातची हळद लागली तिका! जावई बोटीवर आसा!"

वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "गणपतीनंतर बाळंतपणाला येईल!"

हवालदाराने सगळं लिहून घेतलं. दोन मिनिटांत माझं लग्न होऊन दिवसही गेले!

मी विजयी मुद्रेने वर आले. बाबा चहा पीत होते.

"सुशे, पासपोर्टासाठी पोलीस चौकशीला यायचे होते. आले का गं?"

मी कळशी खाली ठेवली.

"आले होते," मी म्हटलं. "गेले."

अमेरिकन वकिलातीतली व्हिसाची मुलाखत बारा दिवसांवर होती, आणि पासपोर्ट नाही तर व्हिसा नाही. सगळं ऐकल्यावर बाबा ओरडले नाहीत. नुसती चप्पल घातली (पायात!) आणि मला घेऊन पोलीस चौकीत गेले. तोच हवालदार दारात होता.

"तू नळावरची ना? सुशीलाचा पत्ता आणलास?"

"मीच सुशीला."

"मग मालवणला कोण गेलं?"

बाबांनी मला पुढे ढकलत आत नेलं. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "चाळीतले दोन साक्षीदार आणा." बाबांनी तानूमावशींना निरोप दिला. मावशींनी दोन आणले असतील, पण त्यांच्यामागून अख्खी चाळ आली! आणि त्या दिवसांत चार माणसं एकत्र चालू लागली की हात आपोआप वर जायचे. कुणीतरी सवयीने आरोळी ठोकली,

"सुशीलाचा पासपोर्ट..."

"झालाच पाहिजे!"

चौकीत पळापळ झाली. शिपायांनी लाठ्या उचलल्या.

"हा मोर्चा आहे का?" साहेब गरजले.

"मोर्चा खंयचो? साक्ष!" मावशी म्हणाल्या. "चेडू कुमारी आसा! लगीन आमी खोटा लावलेला!"

साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला समोर बसवलं. "खोटं का बोललीस?"

बाबा शेजारीच होते. पण आणखी एक थाप मारली तर आणखी एक नवरा वाढायचा! मी मोर्च्याचं खरं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "मग तो बर्फाचा गोळा?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"कुठवर गेली होतीस?"

"घसा बसेपर्यंत."

त्यांनी रुमाल तोंडाला लावला. खोकले की हसले, देव जाणे. मग लिहिलं, 'सदर मुलगी येथेच राहते. अविवाहित.'

पासपोर्ट मुलाखतीच्या आदल्या दिवशी हातात पडला. वकिलातीच्या पायऱ्यांवर बाबांनी कानमंत्र दिला, "घाबरू नको. नाही कळलं तर हसून 'येस सर' म्हण."

आत उंच, गोरेपान साहेब बसले होते. त्यांचं इंग्रजी नाकातून निघायचं आणि माझ्या कानापर्यंत पोचायच्या आत विरघळायचं. एक अक्षर कळेल तर शपथ! मी हसले. "येस सर." त्यांनी आणखी काही विचारलं. "येस सर!" त्यांचा चेहरा उजळला. ते चक्क उठले, माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला आणि मला व्हिसा मिळाला!

बाहेर आले तर तिथला मराठी कारकून कौतुकाने बघत होता.

"कमाल आहे हो बाई! साहेब भारी खूश झाले. तुम्ही राहणार त्या घरी घोडे पाळतात ना? त्यांनी विचारलं, घोड्यावर बसता का? तुम्ही म्हणालात, येस सर. म्हणाले, अगदी बेफाम घोडासुद्धा? तरी येस सर! त्या लोकांना आजच पत्र धाडताहेत!"

महिन्याभराने त्या भल्या माणसांनी माझ्या स्वागताला सहा फुटी काळा घोडा खोगीर चढवून उभा केला. आणि मी? मी आयुष्यात घोडा पाहिला होता तो फक्त व्हिक्टोरिया गाडीत बसून, म्हणजे मागून! त्याला पुढून तोंड असतं, हे मला अमेरिकेत कळलं!