बुंध्यातली कडी

नोकरीत मी खुनाचे गुन्हे पाहिले, दंगली पाहिल्या, बेवारस प्रेतांचे पंचनामे केले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. दादर-माटुंग्याच्या मधल्या एका शांत गल्लीत पडलेलं झाड मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. शहरात हरताळ होता. परळ-लालबागकडे दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर असं सकाळपासून चाललेलं. ठाण्यातली बहुतेक माणसं बंदोबस्ताला गेली होती. मी सब-इन्स्पेक्टर होतो आणि ठाण्यात थांबलो होतो. दुपारी फोन आला. बोलणारा गृहस्थ एका बंगल्याचा मालक होता. आंदोलकांनी रस्ता अडवण्यासाठी आपल्या आवारातलं झाड कापून रस्त्यावर पाडलं, त्याखाली एक माणूस मेला, असं त्याने घाईघाईने सांगितलं.

दोन शिपाई घेऊन मी गेलो. कुंपणाच्या भिंतीला लागून असलेला जुना शिरीष भिंत फोडून गल्लीत आडवा झाला होता. खाली एक गिरणी कामगार चिरडला गेला होता. नायगावच्या चाळीत राहणारा. बस बंद म्हणून माटुंग्याच्या बहिणीकडे पायी निघालेला, आणि मोठ्या रस्त्यावर गडबड असल्यामुळे या गल्लीत शिरलेला. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी त्याच्या पायातली एक चप्पल तेवढी दूर पडलेली दिसत होती.

झाडाशेजारी एक यंत्र टाकलेलं होतं. पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. त्या काळी मुंबईत अशी वस्तू फार थोड्यांनी पाहिली असेल. मायदेशी परत गेलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावात मालकाने ती घेतली होती. दर रविवारी तो ती बाहेर काढायचा, पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकी भरायचा, साखळी ताणायचा आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका वेळ चालवायचा. आवाज सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता. त्या दुपारीही तो सगळ्यांनी ऐकला होता.

"खोलीचं कुलूप तोडलं त्यांनी," मालक म्हणाला. "माझंच मशीन घेतलं, काम झाल्यावर इथे टाकून पळाले. त्यातल्या एकाला मी ओळखतो. परवाच काळा झेंडा लावा म्हणून आला होता. मी हाकलून दिलं तेव्हा बघून घेईन म्हणाला."

तुटलेलं कुलूप त्याने दाखवलं. वरिष्ठांना मी कळवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उचला त्याला." आंदोलकांनी पाडलेल्या झाडाखाली निरपराध माणूस मेला, ही बातमी संध्याकाळच्या आत वरपर्यंत गेलीसुद्धा.

तो तरुण डिलाईल रोडच्या चाळीतला. दुसऱ्या दिवशी त्याला आणलं. माझ्यासमोर येण्याआधीच दुसऱ्या खोलीत त्याला चांगलाच चोप मिळाला होता. ओठ सुजला होता.

"बघून घेईन म्हणालास?"

"म्हणालो, साहेब. रागात माणूस काय पण बोलतो."

"मशीन कसं चालवलंस?"

"मला काय ठाऊक त्या मशीनचं? मी गिरणीत साच्यावर कापड विणतो. काल तर मी लालबागला मोर्चात होतो. आमच्या चाळीतल्या कोणालापण विचारा."

चाळीतले लोक चाळीतल्या पोराच्या बाजूने बोलणारच, असं म्हणून वरिष्ठांनी ती साक्ष बाजूला ठेवली. मी मुद्देमालातली करवत आणून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "सुरू कर." त्याने ती उचलली, वजनाने वाकला, उलटीसुलटी करून पाहिली. दोरी कुठली ओढायची तेही त्याला सापडेना. नाटक करणारा माणूस चुकीची कळ मुद्दाम दाबतो. हा कशालाच हात लावायला धजत नव्हता.

आणखी दोन गोष्टी मला खुपत होत्या. रस्ताच अडवायचा तर पोलिसांच्या गाड्या जातात तो मोठा रस्ता सोडून या गल्लीत झाड कोण पाडेल? दुसरी गोष्ट बुंध्याची. माझं लहानपण लाकडाच्या वखारीशेजारी गेलं. धारदार करवतीखाली जाडसर भुसा पडतो. इथे बुंध्याखाली पिठासारखी पूड होती आणि कापलेल्या जागी लाकूड करपलं होतं. म्हणजे बोथट साखळी जोर लावून दाबलेली. शिवाय काप एक नव्हता, दोन होते. खालचा अर्धवट सोडून देऊन वर नव्याने सुरुवात केलेली. पळून जायच्या घाईतला माणूस असं करत बसत नाही.

मी पुन्हा बंगल्यावर गेलो. मालक व्हरांड्यात बसला होता. त्याची पत्नी आत दाराशी उभी होती. चहा आला. मी यंत्राचं कौतुक केलं, त्याची निगा कशी राखतात ते विचारलं. तो खुलला. साखळी सैल राहिली तर निसटते, फार ताणली तर तापते, वापरण्याआधी तिला तेल पाजावं लागतं, प्रत्येक दात गोल कानशीने एकाच दिशेने घासावा लागतो, असं भरभरून सांगू लागला. आपल्या आवडत्या वस्तूबद्दल बोलताना माणसाला पोलीस समोर बसल्याचं भान राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

मी सहज म्हणालो, "पण आपली साखळी अगदीच बोथट निघाली. धार लावायची राहून गेली असेल."

त्याचा चेहरा लाल झाला. "राहून गेली? अहो, आदल्या दिवशी एकेक दात घासलाय मी! बुंध्यातल्या कडीवर गेली म्हणून दात गेले."

"कोणती कडी?"

त्याने हातातला कप खाली ठेवला. बुंध्यावर बाहेरून कडी कुठेच दिसत नव्हती. पंचनाम्यातही तिचा उल्लेख नव्हता.

दारातून त्याची पत्नी म्हणाली, "झोपाळ्याचा दोर बांधायची. झाड कोवळं होतं तेव्हा ठोकलेली, नंतर लाकडाने ती पोटात घेतली. मी सांगितलं होतं यांना, तिथे कापू नका म्हणून."

"तू आत जा!" तो ओरडला. ती गेली नाही.

पंचांसमोर कुऱ्हाडीने बुंधा फोडला. अर्धवट सोडलेल्या कापाच्या टोकाशी गंजलेली लोखंडी कडी निघाली. तिच्यावर ताजे, चकचकीत ओरखडे होते. मालक पायरीवर बसला. "अपघात होता हो," म्हणाला. मुळांनी भिंतीला तडे जात होते. हरताळामुळे रस्ते ओस पडलेले, झाड कापायला हाच दिवस बरा वाटला. झाड आवारात पडेल असा त्याचा अंदाज. बाहेर झुकलेलं झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्यावी लागते, ती त्याने घेतली नव्हती. भिंतीपलीकडे कोण येतंय हेही पाहिलं नव्हतं.

इथवर तो अपघातच होता. मी त्याच्या पत्नीला वेगळं विचारलं. ती म्हणाली, "तो माणूस जिवंत होता. विव्हळत होता. मी फोनकडे धावले, तर हे म्हणाले, थांब, आधी कुलूप तोडतो."

तरुण सुटला, पण गिरणीने त्याला परत घेतलं नाही. ज्यांनी त्याला मारलं त्यांना कोणी काही विचारलं नाही. खोटी खबर दिल्याचं कलम वरून आलेल्या एका तोंडी सूचनेने गळून पडलं. राहिला तो निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा. नवऱ्याने बायकोला सांगितलेली गोष्ट कोर्टात पुरावा म्हणून मांडता येत नाही, त्यामुळे सरकारी वकिलांनी तिला साक्षीला बोलावलंच नाही. मालकाला दंड झाला. त्याने तो तिथल्या तिथे भरला.

खोटं पचवायला फार हुशारी लागत नाही, हे या प्रकरणाने मला शिकवलं. लोकांना काय ऐकायचंय तेवढं ओळखलं की झालं. त्या दिवसांत वरच्यांना आंदोलक हवे होते, मालकाने आंदोलक दिला. एका कुलपावर सगळ्यांचं भागलं.

निकालाच्या दिवशी मृताची विधवा कोर्टात आली होती. गिरणीतूनच आली असावी, केसांना कापसाचे तंतू चिकटलेले होते. माणूस लगेच गेला नव्हता, हे डॉक्टरांच्या साक्षीतून तिला कळलं होतं. बाहेर व्हरांड्यात ती मालकाच्या पत्नीसमोर जाऊन उभी राहिली. मी मध्ये पडायला पुढे झालो, पण ती भांडायला आलेली नव्हती.

"बाई, तुम्ही तिथं होता. काय बोलले का ते?"

मालकाच्या पत्नीने मान खाली घातली. "पाणी मागितलं."

"मग दिलंत?"

तेवढ्यात मालक वकिलांशी हसत हात मिळवून बाहेर आला आणि "चला" म्हणून पत्नीला जिन्याकडे घेऊन गेला.

कागदोपत्री त्या दिवशी हा गुन्हा निकाली निघाला.