मामाजी शेवट सांगतात

माझे सासरे, म्हणजे मामाजी, यांचं नाव उकंडराव. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर यांना उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं, त्यावरून हे नाव. सुनेनं बोलू नये, पण उचलायची जरा घाईच झाली.

डोणगावात लोक त्यांना मान देत, कारण जमीन चांगली होती आणि आवाज मोठा होता. याहून जास्त काही लागत नाही. शौक एकच, दुसऱ्याला गोष्टीचा शेवट आधी सांगायचा. कीर्तनात बुवा आख्यान रंगात आणायचे, तोवर हे मागून म्हणायचे, "आता राजा पोराले वळखते, पाहा." मेहकरला तंबूतला सिनेमा बघायला गेले तर शेजारच्याला सांगायचे, "याची माय मरते." न पाहिलेल्या सिनेमाचंही सांगायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे. लाज वाटायला मुळात ती असावी लागते. भाजी चुलीवर असतानाच घराबाहेरच्या ओट्यावरून ओरडायचे, "खारट झाली."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई गोजरबाई, मला एकदा म्हणाल्या, "पोरी, इतका संसार केला, पन एक गोष्ट या मानसानं मले शेवटपर्यंत सुखानं आयकू देली नाई. एक." हे सांगताना त्यांना रडू आलं होतं. मला त्या माणसाचा संताप आला.

शिवाय एक नेम होता, सुनेच्या आवाजाचा. महाराष्ट्र राज्य नवीन होतं, तेव्हा मी चिखलीहून लग्न होऊन आले. पहिल्याच आठवड्यात मामाजींनी ओट्यावरून विचारलं, "पानी तापलं काय?" मी आतून म्हटलं, "हो, तापलं." झालं. ताट परत पाठवलं. "सातवी शिकेल हाय म्हना. तिले सांग, या घरात सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानावर पडत नसते." तेव्हा सगळ्याच घरांत असं होतं, मान्य. पण बाकीच्या घरांत सासरे जेवत तरी होते. हे जेवले नाहीत म्हणून आत्याबाई उपाशी, आणि सासू उपाशी म्हणून मीही. त्या दिवसापासून त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी पदर ओढायची आणि दाराआड व्हायची.

माझ्या पेटीत भावानं दिलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. पुठ्ठा गेलेला, नावाचं पान गेलेलं, शिवण उसवलेली. एक वकील स्वतःच्याच बंगल्यातल्या विहिरीत मरून पडतो, आणि मग कितीतरी पानं काही म्हणजे काही होत नाही. कोण चहाला आलं, कोणाचा गुडघा दुखतो, बहिणीनं कोणती साडी नेसली. मला वाटलं, आत्याबाई कंटाळतील. पण त्यांनी पुस्तक पाटावर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि पोथी लावतात तशी रोज दुपारी एक अध्याय अशी ती रहस्यकथा लावली. शेजारच्या सोजराबाई यायच्या. मागच्या घरातली, हैदर शिंप्याची बायको फातिमा काजं करायला कपडे घेऊन यायची.

सोजराबाईंना घाई. "पुढचं पाह्य ना वो, कोनं मारलं त्याले?"

"घाई कायची?" आत्याबाई म्हणायच्या. "मेलेला मानूस कुठी पळून चालला?"

भाकरी थापतानाही त्या त्या बंगल्यातच असायच्या. "धाकला भाऊ नसन. जो मानूस मेलेल्याच्या कुत्र्याले जेवाले घालते, तो कसा मारन?" मग थोड्या वेळानं, "पन कुत्रं भुंकलं नाई ना त्या राती." आणि एकट्याच हसायच्या. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

एक दिवस ओट्यावरून आवाज आला, "कोन मेलं म्हंता तुमच्या पोथीत?" आत्याबाई एकदम सावध झाल्या. मला म्हणाल्या, शेवटचा अध्याय वायला काढ. शिवण उसवलेलीच होती, तो अलगद निघाला. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, पिठाखाली ठेवला. त्यातलं अक्षर मीही वाचलं नव्हतं.

त्यांनी नवऱ्याला बरोबर ओळखलं होतं. आम्ही वावरात गेलो असताना मामाजींनी पुस्तक उघडलं, तेही थेट मागून. संध्याकाळी जेवायला बसले. आत्याबाई भाकरी वाढत होत्या. हे मिश्यांना ताव देत म्हणाले, "डाक्टरनं मारलं. शेवटी सोताच कबूल करते सगळ्यायसमोर. कायले रोज दुपार वाया घालवता?"

आत्याबाईंचा हात ताटावरच थांबला. "हाव काय," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाकरी वाढली. आत आल्या तेव्हा डोळे भरले होते. "सांगतलंच शेवटी," म्हणाल्या. "एवढं लपवलं, तरी सांगतलंच."

मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, त्या पानानंतर अख्खा अध्याय आहे की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले. "म्हंजे कबूल करूनबी गोष्ट सरत नाई. मंग त्यानं मारलंच नसन बाई. कोनाले तरी वाचवून राह्यला तो." आणि चुलीसमोर बसून परत सुरुवातीपासून सगळ्यांचा हिशोब लावायला लागल्या.

मामाजींनी पारावर जाऊन सांगितलं की बायकांची पोथी आपण फोडली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ऐकणारेही हसले, कारण जमीन चांगली होती.

शेवटचा अध्याय आम्ही फातिमाच्या घरी वाचला. तिथं मामाजी पाणीही पीत नसत, त्यामुळे जागा सुरक्षित. पानांवरचं पीठ झटकत मी वाचत होते. आत्याबाईंचा अंदाज साफ चुकला आणि त्या इतक्या खूश झाल्या की फातिमाचा हात धरून हसल्या. फातिमानं शिरा केला. पोथीची समाप्ती झाली म्हणून तो सगळ्या घरांत वाटला. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ आला, त्याच्याबरोबर पुस्तक चिखलीला गेलं.

आत्याबाईंनी कोणी केला ते न सांगता मामाजींच्या हातावर शिरा ठेवला तेव्हा ते म्हणाले, "कायचा हाय हा?"

"पोथी सरली."

"डाक्टरच ना?"

"नाई," आत्याबाई म्हणाल्या आणि आत आल्या.

मामाजींचं चघळणं थांबलं. त्या दिवसापासून त्यांना चैन नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणून आधी तोऱ्यात विचारलं, मग चिडून, मग गोड बोलून. आत्याबाईंचं उत्तर एकच, "मले कुठी वाचता येते? वाचनारी सून हाय. तिले इचारा." सोजराबाईंना गाठलं तर त्यांनी पदर ओढून रस्ता बदलला. फातिमाच्या दारात जायचं तर अब्रू आडवी. ती त्यांनी स्वतःच उभी केली होती.

मग एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. चपला बाहेर काढून आले, म्हणून मला कळलंच नाही. "सूनबाई," ते म्हणाले. ही हाक त्यांनी मला आजवर मारली नव्हती. "त्या वकिलाले कोनं मारलं?"

मी पदर ओढला आणि दाराआड झाले.

"बोल ना. मी सोता सांगून राह्यलो ना, बोल."

 आत्याबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या घरात तिचा आवाज तुमच्या कानावर पडत नसते. तुमचं जेवन जाइन."

ते माघारी वळले. मग ओट्यावर जाऊन बसले, आणि जेवायला बोलावलं तर आले नाहीत.

आत्याबाईंनी थोडी वाट पाहिली. मग दोन ताटं घेतली, एक माझ्यापुढं ठेवलं, एक स्वतःपुढं, आणि म्हणाल्या, "जेव पोरी, भाकर निवून राह्यली."