फय नव्हे, फळ

माझ्या आजोबांचं देवाशी बोलणं मी बंद पाडलं.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

आज त्यांचा, म्हणजे नानांचा, स्मृतिदिन. देश स्वतंत्र झाला, त्याच्या काही महिने आधी ते गेले. आता मी स्वतः नव्वदी ओलांडलीय. मी बोलतेय, नात फोनवर टाईप करतेय आणि मी तिच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतेय. खोड जात नाही, काय करणार!

नाना धुळ्याच्या आमच्या चर्चचे माळी.

नाव माळी, पण करायचे सगळंच. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, कुणी वारलं तर कबर खणणं. म्हातारपणीसुद्धा कुदळ दुसऱ्याच्या हातात देत नसत.

चर्चमागच्या विहिरीच्या पाण्यावर त्यांनी बाग केली होती. गिलकी, गवार, भरताची हिरवी वांगी, कडेने शेवंती. सकाळी पानांवर दव असतानाच वांग्यांवर गोवरीची राख भुरभुरायचे. दव सुकलं की राख टिकत नाही म्हणायचे.

पहिला तोडा चर्चला. दुसरा महारोग्यांच्या वस्तीला, स्वतः टोपली डोक्यावर घेऊन. उरलं तर घरी.

आई वैतागायची. "नाना, माळ्याच्या घरात रोज डाळच शिजते हो!"

नाना हसायचे. "डाय बी चांगली शे."

डाय म्हणजे डाळ. नानांच्या तोंडात 'ळ' नव्हताच. खेड्यातून आलेले, अक्षरओळख नाही, बोलणं अस्सल अहिराणी. प्लेगच्या साथीत अर्धं गाव पळालं तेव्हा हा माणूस मागे राहिला आणि ज्यांचं कोणी नव्हतं त्यांना माती दिली. जात विचारली नाही. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, लोकांनी सांगितलं.

माझे वडील, दादा, चर्चच्या शाळेत मास्तर. मला त्यांनी पुण्याला बोर्डिंगमध्ये घातलं होतं. सुट्टीत मी घरी यायचे ती शुद्ध मराठीचा झेंडा घेऊनच.

त्या वर्षी हंगामाच्या सणाला मी घरी होते.

या सणाला नवं पीक आधी देवापुढे ठेवतात. वेदीपाशी कणसं, केळीचे घड, नानांची वांगी. पाळकसाहेब म्हणाले, "नाना, आज प्रार्थना तुम्ही चालवा."

नाना उभे राहिले. डोळे मिटले. आणि घरात बोलायचे तसंच देवाशी बोलायला लागले.

"देवबाप, पानी तू दिधं, आम्ही नुसतं बी टाकं. हाई पहिलं फय तुनंच शे..."

चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत मी मोठ्यांदा म्हणाले,

"फय नव्हे नाना, फळ!"

आधी मागच्या बाकावरची पोरं हसली. मग बायका हसल्या. दादांनीही मान खाली घालून हसू दाबलं. ते मी पाहिलं आणि मला वाटलं, मी बरोबर केलं.

नाना थांबले. 'फळ' म्हणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा केला.

मग "आमेन" म्हणून खाली बसले. प्रार्थना अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते गिलक्याचा वेल बांधत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "नाना, रागावलात?"

"राग कसाले, बेटा? तू खरंच सांगं. माले समजस, पन तोंडमा येत नही."

एवढंच. मी तिथेच "चुकलं नाना" म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले. चुकलंय असं मला वाटतच नव्हतं ना!

त्यानंतर नानांनी चर्चमध्ये प्रार्थना केली नाही. पाळकसाहेब आग्रह करायचे. नाना गळ्याला हात लावायचे. "आवाज बसेल शे. दुसराले सांगा."

तीन वर्षं त्यांचा आवाज फक्त रविवारी बसत होता.

घंटा वाजवायचे. फुलं ठेवायचे. वस्तीवर टोपली नेणं चुकलं नाही. पण घरी जेवायच्या आधीसुद्धा नुसते हात जोडून बसायचे. दादा प्रार्थना म्हणायचे, नाना ऐकायचे.

शेवटच्या आजारात मी घरी होते. चौदा वर्षांची झाले होते. थोडी अक्कल आली होती, थोडीच. दुपारी त्यांच्या खाटेपाशी आम्ही दोघंच होतो. श्वास लागत होता त्यांना.

मी म्हटलं, "नाना, प्रार्थना करा ना. तुमच्या बोलीत करा. मी काही म्हणणार नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू कर, बेटा. तुनी भाषा चांगली शे."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी आयुष्यभर सुखाने जगले असते. त्यांना ते खरंच वाटत होतं. माझ्यामुळे वाटत होतं.

मी प्रार्थना केली. पुस्तकातल्यासारखी. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा ऐकू यावेत अशी. एकही चूक नव्हती तीत.

संध्याकाळच्या आत नाना गेले.

पुढे मी जळगावच्या चर्चच्या मंडळीत सत्तर वर्षं प्रार्थना चालवल्या. लोक म्हणतात, "अक्का, काय सुंदर प्रार्थना करता तुम्ही!" ऐकलं की मी विषय बदलते.

जन्मभर देवाची बाग राखलेल्या माणसाला शेवटी देवाशी चार शब्द बोलायचे होते. ते त्याने माझ्याकडून उसने घेतले. स्वतःचे असताना.

चुकलं नाना. फार उशिरा म्हणतेय.

तुम्हाला माझं ओल्या डोळ्यांनी वंदन.